रंग आणि नोंद : इंद्रधनुषी ॲमोनाइट जीवाश्मांच्या संग्रहदृष्टीची चिकित्सा

प्रास्ताविक

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, लेथब्रिज शहराच्या दक्षिणेस सेंट मेरी नदीने कापून काढलेल्या काळपट शेल खडकाच्या दरडी आहेत. या दरडींतून ॲमोनाइट नावाच्या, आज निर्वंश झालेल्या सागरी मृदुकाय प्राण्याची चक्राकार कवचे निघतात. जगाच्या अनेक भागांत ॲमोनाइट सापडतात; तथापि येथील कवचांवर तांबडा, नारिंगी, हिरवा, क्वचित निळा आणि जांभळा असे रंग एकाच वेळी खेळताना दिसतात. कवच हातात फिरवले की हे रंग जागा बदलतात. या रंगीत थरापासून तयार होणाऱ्या रत्नास 'अमोलाइट' म्हणतात. १९६० च्या दशकात त्याचे दागिने होऊ लागले, १९८१ मध्ये जागतिक आभूषण महासंघाने त्याला रत्न म्हणून मान्यता दिली आणि २००४ मध्ये अल्बर्टाने त्याला आपले अधिकृत प्रांतरत्न घोषित केले. जीवाश्माला रत्नपद मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत. राळेपासून झालेला अंबर आणि लाकडापासून झालेला जेट ही त्यांतील परिचित होत.

या जीवाश्मांविषयीचे लेखन प्रामुख्याने दोन प्रकारचे आढळते. एक रत्नशास्त्राचे आणि दुसरे पुराजीवविज्ञानाचे. दोन्ही आपापल्या जागी उपयुक्त आहे. परंतु संग्रह ही कृती स्वतःच काही मूल्ये मानून चालते व त्या मूल्यांची चिकित्सा होऊ शकते, ही बाब या दोन्ही प्रकारच्या लेखनात सहसा गृहीत धरली जात नाही. चित्राची, शिल्पाची, कवितेची समीक्षा होते. संग्रहातही निवड असते, मांडणी असते, काही राखणे आणि काही खरवडून टाकणे असते. म्हणून प्रस्तुत लेखात इंद्रधनुषी ॲमोनाइटांच्या संग्रहाकडे एक अभिरुची या नात्याने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. या अभिरुचीने कवचाचे काय केले, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

रंग कोणाचा?

सुमारे सात ते साडेसात कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या मध्यातून एक उथळ समुद्र उत्तर-दक्षिण पसरलेला होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चिखलाचा आज बेअरपॉ शैलसमूह झाला आहे. या समुद्रात *प्लॅसेंटिसेरस मीकी* व *प्लॅसेंटिसेरस इंटरकॅलारे* या जातींचे चपटे, ताटाएवढे व कधी त्याहून बरेच मोठे ॲमोनाइट राहत. त्यांच्या कवचाचा आतला थर मोत्यासारखा होता. कॅल्शियम कार्बोनेटच्या ॲरॅगोनाइट या रूपाच्या अतिसूक्ष्म चकत्या एकावर एक रचून असा थर तयार होतो. सामान्यतः ॲरॅगोनाइट फार काळ टिकत नाही. कालांतराने त्याचे कॅल्साइटमध्ये रूपांतर होते व मूळ रचना पुसली जाते. बेअरपॉच्या शेलमध्ये ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली बेंटोनाइट माती आहे. तिने पाण्याला अटकाव केल्यामुळे हे रूपांतर झाले नाही, असे मानले जाते.

या चकत्यांच्या थरांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून रंग उमटतो. मोराच्या पिसात किंवा पाण्यावरील तेलाच्या तवंगात जो रंग दिसतो, तोही रंगद्रव्यावाचूनच उत्पन्न होतो. थर जाड असतील तर तांबडा व हिरवा, पातळ असतील तर निळा व जांभळा दिसतो. पातळ थर अधिक नाजूक असल्याने ते टिकणे कठीण, म्हणून निळ्या-जांभळ्या कवचाची किंमत अधिक. येथपर्यंतची माहिती कोणत्याही विक्रेत्याच्या पत्रकात सापडते. तिच्यातून निघणारा पुढचा निष्कर्ष मात्र त्या पत्रकात नसतो.

आजच्या समुद्रात राहणाऱ्या नॉटिलसच्या कवचाचा आतला थर याच जातीचा आहे, पण तो दुधाळ, फिकट मोतिया दिसतो. जीवाश्मातील गडद रंग हा कवच गाडले गेल्यानंतर थरांच्या रचनेत झालेल्या सूक्ष्म बदलांचा परिणाम आहे. शिवाय हा थर आतला. जिवंत प्राण्याच्या बाह्यांगावर तो दिसत नव्हता. म्हणजेच संग्राहक ज्या गुणासाठी हे कवच उचलतो, तो गुण प्राण्याचा नाहीच. तो त्याच्या दफनाचा आहे. अमुक चिखल, अमुक राख, अमुक खोलीचा दाब यांनी मिळून तो घडवला. ज्या थरात हे घडले, तो थर वगळून रंग समजत नाही. असे असताना संग्राहकांच्या कपाटातील बहुसंख्य कवचांवर थराची नोंद नसते. रंग हवा, पण रंगाचे कारण नको, अशी ही अभिरुची आहे. तिच्यातील हा अंतर्विरोध पुढील विवेचनात वारंवार दिसेल.

प्रतवारीची भाषा

खाणीत काम करणाऱ्या माणसाला थराचे ज्ञान नसते असे नव्हे. अमोलाइटच्या खाणीत 'के झोन' व त्याखालील 'ब्लू झोन' असे दोन पट्टे नावाने ओळखले जातात आणि त्यांतून येणारा माल दिसायलाही वेगळा असतो. एकातील कवच बारीक भेगांनी तडकलेले, रंगीत काचांच्या खिडकीसारखे. दुसऱ्यातील सपाट, सलग पत्र्यासारखे. माल छाटणाऱ्या कारागिराला हा फरक बोटांनी कळतो. पुढे दुकानाच्या काउंटरवर येईपर्यंत मात्र 'तडकलेला' आणि 'सलग' एवढेच उरते. पट्ट्याचे नाव, खोली, खणल्याचे वर्ष, शेजारी काय सापडले, हे सर्व गळून जाते.

त्याची जागा प्रतवारी घेते. रंग किती, ते किती तेजस्वी, कवच फिरवताना किती अंशांपर्यंत टिकतात, भेगांची नक्षी कशी, यांवर अक्षरांनी व चिन्हांनी दर्जा ठरतो. रत्नव्यापाराच्या दृष्टीने ही भाषा सुसंगत आहे. रत्न हे अदलाबदलीयोग्य असावे लागते. एका दर्जाचा एक खडा त्याच दर्जाच्या दुसऱ्या खड्याऐवजी चालला पाहिजे. जीवाश्माचे स्वरूप नेमके याच्या विरुद्ध असते. एका जीवाश्माऐवजी दुसरा चालत नाही, कारण प्रत्येकाचे ठिकाण आणि त्याच्यावर घडलेले प्रसंग वेगळे असतात. प्रतवारीची भाषा एकदा स्वीकारली की संग्राहकाचे कपाट हळूहळू सराफाच्या पेटीसारखे होऊ लागते. ज्याला दागिना करायचा नाही, विकायचेही नाही, असा हौशी संग्राहकही मग आपल्या संग्रहाचे वर्णन दर्जाच्या अक्षरांत करतो.

अमोलाइटचा रंगीत थर एक मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि मऊ असतो. त्यामुळे त्यावर राळ भरून तो पक्का करावा लागतो, मागे शेलचा किंवा काचेचा आधार द्यावा लागतो आणि पुढे स्फटिकाचे किंवा कृत्रिम स्पिनेलचे झाकण बसवावे लागते. दोन थरांच्या खड्याला 'डब्लेट', तीन थरांच्या खड्याला 'ट्रिप्लेट' म्हणतात. दागिन्यासाठी हे योग्यच आहे. प्रामाणिक विक्रेता ते सांगतोही. अडचण येते ती अखंड कवचाच्या बाबतीत. पूर्ण चक्र अखंड व रंगीत हवे, या मागणीपोटी तुटलेले भाग दुसऱ्या कवचाच्या तुकड्यांनी भरले जातात, खळगे राळेने बुजवले जातात, आणि दिवाणखान्यात ठेवण्याजोगे एक निर्दोष चक्र उभे राहते. त्यातील किती भाग एका प्राण्याचा, हे सांगणे तज्ज्ञालाही कठीण होते.

मादागास्करमधील क्रिटेशस काळातील ॲमोनाइटांची कथा याहून वेगळी नाही. घासून, चकाकवून तांबड्या-हिरव्या झाकेपर्यंत आणलेली ती कवचे जगभरच्या खनिज-मेळ्यांत ढिगांनी विकली जातात. कवच 'पूर्ण करण्याची' ही हौस जुनी आहे. इंग्लंडमध्ये व्हिटबी येथे ॲमोनाइटांना साप समजत. संत हिल्डाने सापांचे दगड केले अशी तेथील आख्यायिका. या दगडी सापांना डोके नसल्याने तेथील कारागीर ॲमोनाइटच्या टोकाला सापाचे डोके कोरून ते विकत. आज त्या कोरलेल्या डोक्यांचे हसू येते. राळेने जुळवलेल्या निर्दोष चक्राचे येत नाही, एवढाच फरक.

येथे पुराजीववैज्ञानिकाला धुतल्या तांदळासारखे मानण्याचे कारण नाही. ॲमोनाइटची जात ठरवताना कवचाच्या आतील कप्प्यांच्या भिंती बाह्यकवचाला जेथे मिळतात तेथील नागमोडी शिवणरेषा फार महत्त्वाची असते. ही रेषा मोत्यासारख्या थराखाली झाकलेली असते. ती वाचायची तर थर काढावा लागतो. रंग राखला तर रेषा दिसत नाही, रेषा वाचली तर रंग जातो. म्हणजे शास्त्रज्ञही काही पुसूनच काही वाचतो. भेद इतकाच की काय पुसले, कोठे पुसले आणि का, याचे टिपण तो मागे ठेवतो. संग्रहाच्या नीतीचा प्रश्न या टिपणापाशी येऊन ठेपतो. कवचाला हात लावावा की नाही, हा प्रश्न त्यापुढे गौण आहे.

छिद्रांचा वाद

या टिपणाचे महत्त्व ज्या एका प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसते, ते थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

*प्लॅसेंटिसेरस*च्या अनेक कवचांवर गोलसर छिद्रे आढळतात. १९६० मध्ये एर्ल कॉफमन व रॉबर्ट केसलिंग यांनी दक्षिण डकोटातील एका कवचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोसासॉर या सागरी सरड्यासारख्या महाकाय सरीसृपाने या ॲमोनाइटला वारंवार चावले असून ही छिद्रे त्याच्या दातांची आहेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. छिद्रांच्या रांगा जबड्याच्या आकाराशी जुळत होत्या. हे चित्र इतके नाट्यमय होते की ते पाठ्यपुस्तकांत आणि संग्रहालयांच्या चित्रफलकांवर झपाट्याने रूढ झाले.

१९९८ मध्ये जपानी संशोधक तोमोकी कासे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आव्हान दिले. लिंपेट नावाची टोपीच्या आकाराची छोटी गोगलगाय खडकावर किंवा कवचावर एकाच जागी परत येऊन बसते व त्या जागी वर्तुळाकार खळगा झिजवते. ॲमोनाइटवरील पुष्कळ छिद्रे अशा खळग्यांपासून झाली असावीत, काही खळग्यांवर लिंपेट बसलेले प्रत्यक्ष दिसतात, असे त्यांनी मांडले. मोसासॉरच्या जबड्याची प्रतिकृती करून तिने नॉटिलसची कवचे दाबून पाहिली, तेव्हा कवचे वेडीवाकडी फुटली; नीटस गोल छिद्रे पडली नाहीत. २००१ मध्ये कॅमेरॉन त्सुजिता व गेर्ड वेस्टरमन यांनी पुन्हा दातांच्या बाजूने युक्तिवाद केला. छिद्रांची मांडणी, दोन्ही बाजूंना समोरासमोर येणारी छिद्रे आणि आत ढकलले गेलेले तुकडे यांचे स्पष्टीकरण लिंपेटने होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

हा वाद कोणी जिंकला, यापेक्षा तो कशाच्या आधारे लढला गेला हे येथे महत्त्वाचे. छिद्राची कड कशी आहे, कडेभोवतीचा थर झिजलेला आहे की तुटलेला, आत कवचाचा तुकडा अडकलेला आहे काय, शेजारी लिंपेट चिकटून आहे काय, समोरच्या बाजूला जोडीदार छिद्र आहे काय. या सर्व खुणा कवचाच्या पृष्ठभागावर, काही मिलिमीटरांच्या आत असतात. कवच चकाकवणारे यंत्र नेमका तेवढाच भाग काढते. लिंपेट मळकट असतो, रंगीत नसतो. तो अडथळा म्हणून खरवडला जातो. छिद्रात राळ भरली जाते. आत ढकललेला तुकडा 'सैल' म्हणून फेकला जातो.

याहून गमतीची, खरे तर खेदाची, बाब पुढेच आहे. बाजाराने या वादात आपला निवाडा केव्हाच देऊन टाकला आहे. छिद्रे असलेले कवच 'मोसासॉरचा चावा' या नावाने विकले जाते व त्याला अधिक किंमत येते. 'लिंपेटचा खळगा' या नावाने कोणी कवच विकत घेतल्याचे ऐकिवात नाही. दाताला कथा आहे, थरार आहे. गोगलगाईच्या बैठकीला ते नाही. एक वैज्ञानिक गृहीतक अशा रीतीने किंमतपट्टीवर छापले गेले, की ज्या पुराव्याने ते खोडले किंवा सिद्ध केले जाईल तो पुरावा जपण्यात कोणाचेही आर्थिक हित उरले नाही. लिंपेट खरवडला की चाव्याची किंमत वाढते. अभिरुची ज्ञानात कशी ढवळाढवळ करते, याचे याहून नेमके उदाहरण या क्षेत्रात मिळणार नाही.

तरीही व्यापारी खाण ही केवळ विध्वंसक असते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. २००७ मध्ये लेथब्रिजजवळच्या अमोलाइटच्या खाणीतच एका लांब मानेच्या सागरी सरीसृपाचा सांगाडा निघाला. तो ड्रमहेलर येथील रॉयल टिरेल संग्रहालयाकडे गेला आणि २०१२ मध्ये *अल्बर्टोनेक्टीस व्हँडरव्हेल्डी* या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या मानेत ७६ मणके होते. तोवर ज्ञात असलेल्या कोणत्याही प्राण्याच्या मानेत इतके मणके आढळले नव्हते. जातिनामातील दुसरे पद खाणकंपनीच्या संस्थापकाच्या नावावरून दिलेले आहे. मोसासॉरचे उत्तम सांगाडेही याच खाणींनी दिले आहेत. इतकी माती उपसण्याचा खर्च कोणत्याही विद्यापीठाला पेलला नसता. यंत्र थांबवून संग्रहालयाला कळवणारा खाणवाला आणि लिंपेट खरवडणारा कारागीर हे एकाच व्यवसायात, कित्येकदा एकाच छपराखाली, काम करतात. सांगाडा थांबवण्याइतका मोठा असतो, लिंपेट नसतो.

कायद्यातील दोन नावे

अल्बर्टाच्या ऐतिहासिक संपदा कायद्यानुसार १९७८ पासून प्रांतातील जीवाश्मांची मालकी प्रांताकडे आहे. जमिनीच्या पृष्ठभागावर पडलेला जीवाश्म जमीनमालकाच्या अनुमतीने उचलता येतो. मात्र उचलणारा त्याचा राखणदार ठरतो, मालक नव्हे. खणून काढण्यास परवाना लागतो व तो प्रशिक्षित अभ्यासकांना मिळतो. 'राखणदार' ही कल्पना मननीय आहे. संग्राहकाला वस्तू जवळ ठेवण्याचा आनंद ती देते, पण वस्तूवरील अंतिम अधिकार समाजाकडे ठेवते.

ॲमोनाइटला या व्यवस्थेत सवलत आहे. अर्ज करून त्याची मालकी मिळवता येते. शिवाय रत्नासाठी काढल्या जाणाऱ्या 'ॲमोनाइट कवचा'ला प्रांताच्या खनिजविषयक नियमांत स्वतंत्र स्थान असून त्यासाठी खाणपट्टे दिले जातात. म्हणजे एकच वस्तू एका कायद्यात वारसा आणि दुसऱ्यात खनिज. डायनोसॉरच्या हाडाला असे दुसरे नाव नाही. कवचाला ते मिळाले याचे कारण त्याच्या अंगचा रंग. रंग फिका असता तर ते वारसाच राहिले असते, असे म्हणण्यास हरकत नाही. कायदाही शेवटी अभिरुचीच्या मागोमाग चालतो, याचा हा एक दाखला.

इनिस्किम आणि शाळिग्राम

ज्या भूमीत ही कवचे सापडतात ती ब्लॅकफूट लोकांची पूर्वापार भूमी आहे. त्यांपैकी किनाई गटाच्या राखीव भूमीची एक सीमा सेंट मेरी नदीच आहे. ॲमोनाइट व त्याचा सरळ कवचाचा नातलग बॅक्युलाइट यांच्या तुकड्यांना ब्लॅकफूट 'इनिस्किम' म्हणजे गव्याचा दगड म्हणतात. उपासमारीच्या एका हिवाळ्यात सरपण गोळा करणाऱ्या स्त्रीला गाणे ऐकू आले. ते गाणारा दगड तिला सापडला. त्याने शिकवलेल्या गाण्यांनी गवे परत आले, अशी कथा सांगितली जाते. अशा दगडांना तांबड्या गेरूने माखून, गव्याच्या केसांत गुंडाळून पवित्र गाठोड्यात ठेवत. १९७१ मध्ये अल्बर्टातील मेजरव्हिल येथील प्राचीन दगडी वर्तुळाचे उत्खनन झाले तेव्हा त्यातही इनिस्किम मिळाले. त्या वर्तुळाचा आरंभ सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा मानतात. ॲमोनाइट संग्रहाचा इतिहास खाणकंपनीपासून सुरू करण्याची प्रथा यामुळे टिकत नाही.

या संग्रहदृष्टीत चमक हा निकष नाही. गेरू माखला की रंग उलट झाकलाच जातो. दगडाचा आकार, तो सापडण्याचा प्रसंग आणि त्याच्याबरोबर मिळालेले गाणे यांना किंमत आहे. गाणे हीच त्या दगडाची नोंद होय. ते विसरले गेले तर दगड मुका होतो.

मराठी वाचकाला या ठिकाणी शाळिग्रामाची आठवण होणे स्वाभाविक आहे. हिमालयातील गंडकीच्या पात्रात मिळणारे शाळिग्राम हे बव्हंशी ॲमोनाइटांचेच जीवाश्म असतात. त्यांचा काळ अल्बर्टातील कवचांपेक्षा बराच जुना आहे आणि त्यांच्यावर इंद्रधनुषी झाक नसते. त्यांच्यावरील 'चक्र' म्हणजे कवचाची वळी. चक्रांची संख्या, मुखाचा आकार, रंग यांवरून नृसिंह, दामोदर, लक्ष्मीनारायण असे भेद परंपरेने केले. हेही एक वर्गीकरणच आहे. जीवशास्त्राच्या कसोटीवर ते उतरत नाही, पण त्याने कवचाच्या रचनेकडे बारकाईने पाहण्याची सवय राखली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पंचायतन पूजेत दिसते. महाराष्ट्रातील अनेक घरांच्या देव्हाऱ्यांत विष्णूसाठी गंडकीचा शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेचा बाण आणि गणपतीसाठी शोणभद्र नदीतील तांबडा दगड ठेवतात. या मांडणीत दगडाची ओळख त्याच्या नदीवाचून पुरी होत नाही. गंडकीचा नसलेला काळा दगड कितीही सुबक असला तरी शाळिग्राम होत नाही. ज्याला आधुनिक संग्रहशास्त्र प्राप्तिस्थानाची नोंद म्हणते, ती येथे श्रद्धेच्याच व्याख्येत अंतर्भूत आहे. शाळिग्रामाचे मोल करू नये, असेही परंपरा सांगते. तो दिला-घेतला जातो, वारशाने येतो. हे बंधन व्यवहारात पाळले जात नाही आणि तीर्थक्षेत्रांच्या दुकानांत शाळिग्राम विकले जातात, ही वस्तुस्थिती असली तरी निषेधाची भाषा अद्याप शिल्लक आहे.

इनिस्किम व शाळिग्राम यांचे उदात्तीकरण करून त्यांना पुराजीवविज्ञानाचे पूर्वसूरी ठरवणे हा येथे हेतू नाही. दोन्ही परंपरांना कवचाच्या वयाशी किंवा त्यातील प्राण्याशी कर्तव्य नव्हते. नद्यांच्या नावांनी थर कळत नाही, गाण्याने जात ठरत नाही. तथापि वस्तू आणि तिची हकिकत वेगळी करता येत नाही, ही जाणीव दोहोंत आहे. पूर्व आशियाच्या बाजारपेठेसाठी अमोलाइटला फेंगशुईची जोड देण्यात आली व त्यातील प्रत्येक रंगाला भाग्य, आरोग्य, समृद्धी असे अर्थ वाटून देण्यात आले. तो प्रकार या परंपरांच्या पंक्तीला बसवता येत नाही. त्यात हकिकत वस्तूबरोबर आलेली नाही. ती विक्रीच्या सोयीसाठी मागाहून चिकटवलेली आहे, आणि तीही पुन्हा रंगालाच.

बागचे ॲमोनाइट

अल्बर्टातील रंगीत कवचांचा *प्लॅसेंटिसेरस* हा वंश भारतातही सापडतो. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यात, बाग येथील चुनखडकांत तो आहे. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा या खोऱ्यात शिरला होता. त्याच्या तळावर साचलेले हे खडक पुढे दख्खनच्या लाव्ह्याखाली गाडले गेले आणि नद्यांनी ते पुन्हा उघडे केले. १९४१ मध्ये जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी बागच्या ॲमोनाइटांवर लिहिले. पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीतून काम करताना १९७६ मध्ये सहकाऱ्यासह त्यांनी या विषयाचा पुन्हा परामर्श घेतला.

बागच्या कवचांना रंग नाही. मोत्यासारखा थर केव्हाच विरघळून गेला आहे व आत भरलेल्या चुन्याच्या चिखलाचा साचा तेवढा उरला आहे. पिवळसर-करडा, खडबडीत, हातात घेतल्यास सामान्य दगडासारखा. रत्नपारख्याने तो दुसऱ्यांदा पाहिला नसता. प्रतवारीच्या कोणत्याही अक्षरात तो बसत नाही आणि भारतात तरी त्याला खनिज म्हणून दुसरे नाव कोणी दिलेले नाही. भूवारसास्थळे व भूअवशेष यांच्या जतनासाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात सर्व अधिकार एकाच शासकीय संस्थेकडे एकवटतात, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला होता. तो आक्षेप रास्त आहे. पण बागच्या साच्यासारख्या, कोणाचीही नजर न वेधणाऱ्या नमुन्याचा राखणदार कोण, हा प्रश्न त्या चर्चेत जवळजवळ उपस्थितच झाला नाही.

थर नसल्यामुळे या साच्यांवर शिवणरेषा उघड्या पडल्या आहेत. अल्बर्टातील कवचावर जी रेषा वाचण्यासाठी रंग खरवडावा लागतो, ती चिराखानच्या शेतात सापडणाऱ्या तुकड्यावर पावसाने धुतल्यानंतर नुसत्या डोळ्यांनी दिसते.